चेल्टनहॅम बोल्ड कंडेन्स्ड इटॅलिक : एका अरुंद, तिरप्या टाइपफेसचे परीक्षण

कवितेचे परीक्षण आपण करतो, नाटकाचे करतो, कधी एखाद्या इमारतीचेही करतो. टाइपफेसबद्दल बोलताना मात्र ‘छान दिसतो’ किंवा ‘जुन्या काळचा वाटतो’ एवढे म्हणून पुढे जातो. या टिपणात एका टाइपफेसचे परीक्षण करायचे आहे. त्याचे नाव लांबलचक आहे : चेल्टनहॅम बोल्ड कंडेन्स्ड इटॅलिक. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो अमेरिकेत तयार झाला आणि मथळ्यांत, जाहिरातींत, हस्तपत्रकांत राबला. आज तो आणि त्याच्यासारखे दिसणारे अनेक टाइपफेस ‘व्हिंटेज’ या सदराखाली मिळतात. कॉफीच्या दुकानाची पाटी, साबणाचे वेष्टन, लग्नपत्रिका, चित्रपटाचे पोस्टर; जुन्या काळची आठवण करून द्यायची असली की डिझायनरचा हात अशा अक्षराकडे जातो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडून ठेवतो. या अक्षराचे जे रूप आपल्याला आज जुने वाटते, त्यातला मोठा भाग एका अडचणीतून आला आहे : कागदाची रुंदी थोडी आणि सांगायचे मोठ्याने. म्हणून त्याची पारख करताना ते किती जुने वाटते यापेक्षा अरुंद जागेत किती नीट बोलते हे पाहिले पाहिजे. त्या कसोटीवर हा टाइपफेस बराचसा उतरतो, काही ठिकाणी साफ पडतो. जागा भरपूर असताना निव्वळ वेश म्हणून तो घातला, तर त्याचे गुण कामाला येत नाहीत आणि दोष तेवढे दिसत राहतात.

नावातले शब्द

रोमन लिपीतील अक्षराच्या दांड्याला टोकाशी जो छोटा आडवा पाय असतो तो सेरिफ. ‘चेल्टनहॅम’ सेरिफ असलेला आहे, पण त्याचे पाय आखूड आणि बोथट आहेत. ‘बोल्ड’ म्हणजे जाड. आपल्याकडच्या जुन्या छापखान्यांत यालाच ‘ब्लॅक’ म्हणत. ‘कंडेन्स्ड’ म्हणजे उंची तीच ठेवून रुंदी कमी केलेला. ‘इटॅलिक’ म्हणजे नुसता तिरपा नव्हे, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. खऱ्या इटॅलिकमध्ये अक्षराची घडणच बदलते. उभ्या रोमन टाइपात लहान ‘ए’ दोनमजली असतो, म्हणजे त्याच्या पोटावर वरून एक छत्री आलेली असते. इटॅलिकमध्ये तोच ‘ए’ एकमजली होतो, आपण हाताने लिहितो तसा. उभे अक्षर धरून नुसते कलते केले तर त्याला तिरपे रोमन म्हणावे, इटॅलिक म्हणू नये.

‘डिस्प्ले’ हा शब्द या नावात नाही, पण उपयोगाचे क्षेत्र तेच आहे. पानभर सलग मजकूर या टाइपात कोणी छापत नाही. चार-सहा शब्द, मोठ्या आकारात, लांबून किंवा घाईत वाचले जाणारे, हे त्याचे काम.

वास्तुविशारदाचे अक्षर, कारखान्याचे कुटुंब

१८९६ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील चेल्टनहॅम प्रेसचे इंगॉल्स किंबॉल यांच्यासाठी बर्ट्राम ग्रोव्हनर गुडह्यू यांनी एक नवा टाइपफेस रेखाटला. गुडह्यू पेशाने वास्तुविशारद. नेब्रास्का राज्याचे विधानभवन ही त्यांची पुढे गाजलेली इमारत. त्याआधी त्यांनी बोस्टनच्या मेरीमाउंट प्रेससाठीही एक टाइप रेखाटला होता. त्या काळात यंत्राने आलेल्या सपाटपणाला कंटाळून जुन्या हस्तकलेकडे वळणारी एक चळवळ इंग्लंड-अमेरिकेत जोरात होती आणि गुडह्यू त्याच वातावरणातले. त्यामुळे मूळ चेल्टनहॅममध्ये जुन्या वळणाची ओढ आहे हे मान्य केले पाहिजे.

पण त्यात एक नवा विचारही होता. वाचताना आपली नजर रोमन ओळीच्या वरच्या अर्ध्या भागावरून सरकते, ओळख तिथेच पटते, असे त्या काळातील वाचनाच्या अभ्यासांतून पुढे आले होते. इंग्रजी ओळीचा खालचा अर्धा भाग कार्डाने झाका, ओळ बहुतेक वाचता येते. वरचा अर्धा झाका, अडखळायला होते. गुडह्यूंनी हे मनावर घेतले. लहान ‘बी’, ‘डी’, ‘एच’, ‘एल’ यांचे वर जाणारे दांडे लांब ठेवले. ‘जी’, ‘पी’, ‘वाय’ यांच्या खाली उतरणाऱ्या शेपट्या आखूड केल्या. शेपट्या आखूड झाल्यामुळे दोन ओळी एकमेकींच्या जवळ बसवता येतात. जागेच्या टंचाईत कामी येणारा हा गुण मुळातच अक्षरात होता, असे म्हणता येईल.

अमेरिकन टाइप फाउंडर्स ही कंपनी अनेक ओतशाळा एकत्र येऊन १८९२ मध्ये उभी राहिली होती. तिचे टाइप-आरेखक मॉरिस फुलर बेंटन यांच्या हातात हे रेखाटन गेले आणि एका टाइपफेसचे कुटुंब झाले. १९०४ पासून पुढच्या काही वर्षांत बोल्ड, बोल्ड इटॅलिक, बोल्ड कंडेन्स्ड, बोल्ड कंडेन्स्ड इटॅलिक, एक्स्ट्रा कंडेन्स्ड, एक्स्टेंडेड अशी भावंडे एकामागून एक आली. जाडी, रुंदी आणि कल यांचे एवढे विस्तृत कुटुंब एका नावाखाली बाजारात येणे ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. आज आपण मेनू उघडून ‘बोल्ड’, ‘कंडेन्स्ड’ निवडतो ती सवय इथून घडत गेली.

यामागे एक यंत्रही होते. मॉरिस यांचे वडील लिन बॉइड बेंटन यांनी १८८० च्या दशकात पॅन्टोग्राफच्या तत्त्वावर चालणारे कोरणी-यंत्र तयार केले होते. एका मोठ्या नमुन्यावरून अक्षर लहान-मोठे तर करता येईच, शिवाय ते रुंद, अरुंद किंवा तिरपेही करता येई. म्हणजे आज संगणकावर एका क्लिकमध्ये जे होते, त्याचा यांत्रिक पूर्वज तेव्हाच हजर होता. असे असूनही चेल्टनहॅमच्या इटॅलिकमध्ये लहान अक्षरांची घडण हातच्या वळणाची आहे, ‘ए’ एकमजली आहे. यंत्र तिरपे करून देत होते, तरी आरेखकाने वेगळे अक्षर काढले. माझ्या दृष्टीने हा या टाइपफेसचा पहिला मोठा गुण.

दोन इंचांचा रकाना

अरुंद अक्षराची गरज आकड्यांत पाहिली की पटते. त्या काळच्या अमेरिकन वर्तमानपत्राचा एक रकाना साधारण दोन इंच रुंद असे. एका इंचात सुमारे ७२ पॉइंट, म्हणजे रकान्याची रुंदी १४४ पॉइंट. आता ३६ पॉइंटचा मथळा घ्या. सोयीसाठी धरून चालू की सामान्य रुंदीचे कॅपिटल अक्षर सरासरी १८ पॉइंट जागा घेते. ओळीत आठ अक्षरे बसली. ‘वॉशिंग्टन’ हा शब्द इंग्रजीत दहा अक्षरांचा आहे; तो बसत नाही. शब्द तोडा, आकार लहान करा, किंवा बातमीच बदला! हेच अक्षर १२ पॉइंट रुंदीचे असेल तर ओळीत बारा अक्षरे मावतात आणि ‘वॉशिंग्टन’ आरामात बसते.

मथळा लिहिणारा उपसंपादक अक्षरे मोजून लिहीत असे. त्याच्या दृष्टीने कंडेन्स्ड टाइप म्हणजे शैली नव्हती, तीन-चार जादा अक्षरांची सवलत होती. एकोणिसाव्या शतकातील लाकडी खिळ्यांच्या भित्तिपत्रकांचेही तेच. कागद उभा आणि नाटकाचे नाव लांब, म्हणून अक्षर उंच व सडपातळ. आज आपण ती पोस्टरे पाहून ‘काय सुंदर जुना काळ’ म्हणतो. ज्या जुळाऱ्याने ती जुळवली त्याला शब्द ओळीत बसवायचा होता.

तिरपेपणाची किंमत

इटॅलिक व्हेनिसचे. १५०१ मध्ये आल्दुस मानुतिउस यांनी व्हर्जिलच्या काव्याची छोट्या आकाराची आवृत्ती संपूर्ण इटॅलिकमध्ये छापली. खिळे कोरले होते फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी. त्यात कॅपिटल अक्षरे मात्र उभीच होती. कागद वाचवण्यासाठी इटॅलिक जन्मले असे अनेक पाठ्यपुस्तकांत लिहिलेले आढळते. मला ते स्पष्टीकरण अपुरे वाटते. त्या काळचे विद्वान जे जलद, कलते हस्ताक्षर लिहीत त्याचे रूप खिळ्यांत आणण्याची हौस त्यात उघड दिसते. पण हस्ताक्षरातून आल्यामुळे इटॅलिक स्वभावतःच थोडे अरुंद असते एवढे खरे. तेव्हा अरुंद इटॅलिक ही कल्पना वरवर दिसते तितकी विचित्र नाही.

अडचण धातूची आहे. खिळ्याचे अंग काटकोनी असते. अक्षर तिरपे असले की त्याचे टोक अंगाच्या बाहेर डोकावते. या बाहेर आलेल्या टोकाला कर्न म्हणत. आज ज्याला आपण कर्निंग म्हणतो तो शब्द इथला. हे टोक शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर टेकते आणि छापताना दाबाखाली मोडू शकते. टोक आत ठेवावे तर अक्षरांमध्ये फटी पडतात आणि शब्द विस्कळीत दिसतो. लायनोटाइप यंत्रावर तर टोक बाहेर काढायची सोयच नव्हती. शिवाय मजकुराच्या टाइपात एकाच मातृकेवर रोमन आणि इटॅलिक अशी जोडी असे, म्हणून दोघांची रुंदी सारखी ठेवावी लागे. पुढे लडलो यंत्रात इटॅलिकसाठी मातृकाच तिरप्या केल्या गेल्या, यावरून ही अडचण किती खरी होती ते कळते.

अरुंद अक्षरात ती आणखी वाढते. कॅपिटल अक्षराची उंची २४ पॉइंट आणि कल १२ अंश धरा. पायापासून माथ्यापर्यंत जाताना दांडा सुमारे ५ पॉइंट सरकतो. अक्षर १८ पॉइंट रुंद असेल तर हे सरकणे रुंदीच्या २८ टक्के. १२ पॉइंट रुंद असेल तर ४३ टक्के. म्हणजे कल तेवढाच ठेवला तरी अरुंद अक्षर जास्त पडल्यासारखे दिसते आणि शेजाऱ्याच्या अंगावर जाते. म्हणून कंडेन्स्ड इटॅलिक काढणाऱ्याने कल आवरता घ्यावा, दांड्यांमधील पोकळी समान ठेवावी आणि सेरिफ तोकडे करावेत. जाहिरातीतल्या अनेक नव्या ‘व्हिंटेज’ टाइपफेसांत नेमके उलट दिसते : वेग दाखवायचा म्हणून कल भरपूर, आणि जुनेपणा दाखवायचा म्हणून सेरिफ लांब. शब्द मग कुंपणावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा दिसतो.

अक्षरे जवळून पाहताना

चेल्टनहॅममध्ये जाड आणि बारीक रेषांतला फरक थोडा आहे. बोदोनीसारख्या टाइपात बारीक रेषा केसासारखी असते. ती अरुंद, जाड इटॅलिकमध्ये आली तर खरबरीत कागदावर आधी तीच नाहीशी होते. चेल्टनहॅमची सर्वांत बारीक रेषाही बऱ्यापैकी दणकट आहे. शाई थोडी पसरली, कागद स्वस्त असला, तरी अक्षर टिकते. आखूड सेरिफांचाही इथे फायदा होतो : दोन दांड्यांमध्ये लांब पाय अडकत नाहीत, म्हणून अक्षरे जवळ बसतात. उभ्या बोल्ड कंडेन्स्डशेजारी हा तिरपा भाऊ ठेवला तर रंग, म्हणजे काळेपणाची घनता, जवळपास तीच राहते. मथळ्यात एकच शब्द तिरपा करायचा असेल तर तो फिका पडत नाही. कुटुंब असण्याचा खरा उपयोग हा.

आता दोष. मूळ रोमनमध्ये कॅपिटल ‘ए’चे शिखर डावीकडे थोडे पुढे आलेले असते. चेल्टनहॅम ओळखायची ही हमखास खूण. मोकळ्या जागेत ती लकब गोड वाटते; अरुंद, जाड आणि तिरप्या अक्षरांच्या दाटीत अशी कोणतीही लकब मागच्या अक्षराला कोपर मारते. दुसरे, लांब दांडे आणि लहान पोट हे प्रमाण हलक्या वजनात शोभते. जाडी वाढली आणि रुंदी घटली की लहान ‘ई’चा डोळा आणि ‘ए’चे पोट मिटायला लागते. ३६ पॉइंटला चालते, १२ पॉइंटला शाईचा ठिपका होतो. तिसरे, आखूड शेपट्या. मथळ्याच्या दोन ओळींसाठी त्या वरदान असल्या, तरी तिरप्या अक्षरात शेपटीला थोडी लय लागते. इथे ‘वाय’ आणि ‘जी’ पाय दुमडून बसल्यासारखे दिसतात. हा टाइपफेस मला कधी सुंदर वाटलेला नाही. तो मजबूत वाटतो, आणि त्याच्याकडून तेवढेच मागितले गेले होते.

डॅनियल बर्कली अपडाइक हे मेरीमाउंट प्रेसचे संस्थापक, म्हणजे गुडह्यूंच्या आधीच्या टाइपाचे मालक. त्यांनी १९२२ च्या आपल्या ‘प्रिंटिंग टाइप्स’ या ग्रंथात चेल्टनहॅमविषयी दिलेला निकाल आजही विचारात घेण्याजोगा आहे. आकारातल्या काही विक्षिप्तपणांमुळे हा टाइप फार वेळ वाचवत नाही, पण क्षणिक उपयोगाच्या छपाईसाठी तो देखणा आहे, असा त्याचा आशय. अपडाइक यांनी ‘देखणा’ म्हणताना औदार्य दाखवले असे माझे मत; पण क्षेत्र त्यांनी अचूक आखून दिले.

नंतरची दोन रूपे

१९७५ मध्ये इंटरनॅशनल टाइपफेस कॉर्पोरेशनसाठी टोनी स्टॅन यांनी चेल्टनहॅम पुन्हा रेखाटला. धातू जाऊन फोटो-जुळणी आली होती; खिळा नाही, म्हणून कर्न मोडण्याची भीती नाही. जाहिरातीत अक्षरे एकमेकांना जवळजवळ चिकटवण्याची तेव्हा टूम होती. स्टॅन यांनी लहान अक्षरांचे पोट मोठे केले आणि वरचे दांडे त्या मानाने बुटके झाले. अरुंद इटॅलिकमध्ये त्यामुळे ‘ई’चा डोळा उघडला, वर सांगितलेला दुसरा दोष गेला. पण गुडह्यूंचा मूळ विचार वरच्या दांड्यांत होता, तो इथे विरघळला. हा टाइपफेस नाव चेल्टनहॅमचे लावतो आणि बोलतो १९७० च्या दशकाच्या आवाजात. गंमत अशी की आज ‘व्हिंटेज’ म्हणून ज्याची नक्कल होते तो पुष्कळदा हाच आवाज असतो.

२००३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मथळ्यांसाठी वेगवेगळे टाइप वापरणे सोडून मुख्यतः चेल्टनहॅमचे एकच विस्तारित कुटुंब स्वीकारले. ते काम मॅथ्यू कार्टर यांचे. कार्टर यांनी तरुणपणी हाताने पंच कोरले, मग फोटो-जुळणी आणि संगणक अशा तिन्ही काळांत काम केले. त्यांच्या चेल्टनहॅममध्ये लकबी आवरल्या आहेत, रेषा स्वच्छ आहेत, आणि ते जुने दिसण्यासाठी धडपडत नाही. रकाना आजही अरुंद आहे, मथळा आजही बसवावा लागतो. मोबाइलच्या पडद्यावर तर तो रकाना दोन इंचांहून फारसा मोठा नाही. टंचाई परत आली आणि तिच्याबरोबर अक्षरही परत आले, म्हणून ते तिथे उपरे वाटत नाही.

‘व्हिंटेज’ नावाचा वेश

आता बाजारातल्या व्हिंटेज नक्कलेकडे येऊ. तिची पहिली खूण म्हणजे खोटी झीज. अक्षराच्या कडा खडबडीत, मध्ये पांढरे ठिपके, शाई कमी पडल्याचा आभास. जुन्या छापखान्यात झिजलेला खिळा हा दोष मानला जाई. तो बाजूला काढून वितळवायला जाई. चांगला जुळारी असा खिळा पानात राहू देत नसे. शिवाय प्रत्येक खिळा आपापल्या नशिबाने झिजतो. नकली टाइपफेसमध्ये एका शब्दात तीन ‘ई’ आले तर तिन्हींचा टवका त्याच जागी उडालेला दिसतो. काही आरेखक पर्यायी अक्षरे देऊन ही चोरी लपवतात. त्यांच्या कष्टाचे कौतुक करावे, पण छापणाऱ्याला ज्याची लाज वाटे ते आपण दागिना म्हणून मिरवतो, हे विसरू नये.

जुनेपण अक्षराला वापरातून चिकटते. वुडी ॲलन यांनी १९७७ च्या ‘ॲनी हॉल’पासून आपल्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत विंडसर या जुन्या ब्रिटिश टाइपची सडपातळ जात वर्षानुवर्षे वापरली. आज ते अक्षर पाहून अनेकांना त्यांचे चित्रपट आठवतात, ब्रिटिश ओतशाळा नाही. कालच उघडलेल्या दुकानाने चेल्टनहॅमसारखे तिरपे अक्षर लावून शंभर वर्षांची पुण्याई सुचवणे ही मात्र वेगळी गोष्ट. ती उधारीची पुण्याई आहे, आणि ग्राहकाला ते न कळणे हाच त्या वापराचा हेतू असतो. परीक्षकाने ते मोकळेपणाने नोंदवावे.

दुसरी अडचण तांत्रिक आहे आणि वर्गात हमखास दिसते. कंडेन्स्ड इटॅलिक हाताशी नसले की विद्यार्थी साधे इटॅलिक घेऊन संगणकावर ७० टक्के रुंदीला दाबतात. उभा दांडा १०० एकके आणि आडवी रेषा ४० एकके जाड होती असे समजा. दाबल्यावर दांडा ७० होतो, आडवी रेषा ४०च राहते. जाड-बारीकचे प्रमाण अडीचावरून पावणेदोनवर येते; अक्षर निर्जीव दिसते आणि का ते कळत नाही. त्याहून मजेची गोष्ट कलाची : १२ अंशांचा कल या दाबण्याने साधारण साडेआठ अंश होतो. म्हणजे इटॅलिक दाबले की ते उभे राहायला लागते! उलट रोमन अरुंद करून मग कलते केले, तर गोल ‘ओ’चा वरचा उजवा आणि खालचा डावा भाग जाड होतो, उरलेले दोन कोपरे बारीक. बेंटन यांच्या यंत्रालाही हे गणित चुकले नसते. म्हणून अक्षर नव्याने रेखाटावे लागते.

आपल्या वाचकासमोर आणि आपल्या लिपीशेजारी

भारतात रोमन अक्षर वाचणाऱ्या असंख्य लोकांची ती दुसरी किंवा तिसरी लिपी असते. गुडह्यूंचा वाचक ओळीच्या माथ्यावरून नजर सरकवत शब्द आख्खा ओळखतो. दुसऱ्या लिपीत वाचणारा अनेकदा अक्षर अक्षर लावत जातो. त्याला ‘ई’चा डोळा आणि ‘ए’चे पोट उघडे हवे असते. जाड, अरुंद आणि तिरपे या तिन्ही गोष्टी ते पोट लहान करतात. सिनेमाच्या पोस्टरवर हे चालून जाईल. औषधाच्या वेष्टनावर, रेल्वे स्थानकातल्या सूचनेवर किंवा परीक्षेच्या जाहिरातीवर असे अक्षर वापरणाऱ्या डिझायनरला मी गुण देणार नाही, मग ते कितीही मोहक दिसो.

देवनागरी शेजारी आली की प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. देवनागरीत माथ्यावर शिरोरेषा असते आणि अक्षराची ओळख बरीचशी तिच्याखाली पटते. कार्डाचा प्रयोग मराठी किंवा हिंदी ओळीवर करून पाहा. देवनागरी कलती केली तर दांडे तिरपे होतात आणि शिरोरेषा आडवीच राहते. वाऱ्याने झुकलेले शेत आणि वर ताणलेली तार, असे काहीसे. बंगालीतही हाच अनुभव येतो. तमिळ किंवा कन्नडच्या गोलाईत कल दिला तर वर सांगितलेला ‘ओ’चा दोष प्रत्येक अक्षरात उमटतो. शिवाय कल म्हणजे इटॅलिक नव्हे हे आपण पाहिले. रोमनला शेजारी धावते हस्ताक्षर होते म्हणून इटॅलिक मिळाले. मराठीत तशी जोडी शोधायची तर बाळबोध आणि मोडी अशी सापडते; मोडीची लपेट ही आपल्या इटॅलिकची एक न आजमावलेली शक्यता आहे, असे मला वाटते. हे अवांतर झाले, पण कोणी हा प्रकल्प हाती घ्यावा.

अरुंदपणाची गोष्ट वेगळी. तो कोणत्याही लिपीत नीट रेखाटता येतो. मुंबईच्या एक टाइप या गटाचे ‘अनेक’ हे २०२२ चे कुटुंब नऊ भारतीय लिपी आणि रोमन यांत कंडेन्स्डपासून एक्स्पान्डेडपर्यंत रुंदी देते. त्यात सेरिफही नाही आणि इटॅलिकही नाही. तरी चेल्टनहॅमच्या कुटुंबामागची गरज, म्हणजे एकच आवाज वेगवेगळ्या रुंदीत, तिथे ओळखू येते. द्विभाषिक पोस्टरवर इंग्रजी ओळ चेल्टनहॅम कंडेन्स्ड इटॅलिकमध्ये असेल तर देवनागरी ओळ उभीच ठेवावी, तिची रुंदी आवरावी आणि काळेपणा जुळवावा. कल जुळवण्याच्या नादी लागू नये.

अभ्यासासाठी एक काम देतो. तुमच्या गावाचे नाव १४४ पॉइंट रुंदीच्या चौकटीत, ३६ पॉइंटमध्ये, रोमन कॅपिटल अक्षरांत बसवा : एकदा साध्या बोल्ड टाइपात, एकदा खऱ्या कंडेन्स्ड इटॅलिकमध्ये, आणि एकदा साधे इटॅलिक दाबून. तिन्ही छापून भिंतीला लावा, आठ पावले मागे जा, आणि ज्याने हे नाव कधी ऐकलेले नाही अशा माणसाला ते वाचायला सांगा. तो कुठल्या अक्षराशी थांबला ते लिहून ठेवा. तिरुवनंतपुरमच्या विद्यार्थ्यांना चौकट अर्थातच अपुरी पडेल. त्यांनी दोन ओळी कराव्यात आणि आखूड शेपट्यांचा उपयोग होतो का ते तपासावे.